करमाडची टाकी

मी विमान चालवायला शिकत होते तेव्हा आमच्या घरचं हवामान खातं करमाडला होतं. म्हणजे माझी आत्या. तिच्या अंगणातून गावची पाण्याची उंच टाकी दिसायची. उड्डाणाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी तिला फोन लावायचे आणि ती बाहेर जाऊन बघून यायची. टाकी पुरती दिसली तर ढग वर, टोक बुडालं तर ढग खाली. चिकलठाण्याच्या विमानतळावरून जालना रस्ता धरून निघालं की करमाड लागायचंच, त्यामुळे ही बातमी कामाची होती. आमचे सरसुद्धा विमानतळावरचा अहवाल वाचून झाला की मिश्कीलपणे विचारायचे, करमाड काय म्हणतंय?

दोन आसनांचं छोटं विमान होतं ते. मला फक्त खालची जमीन बघत उडायला शिकवलं होतं. रस्ता, रूळ, तळं दिसतंय तोवर मी वैमानिक. सर सतत बजावायचे की ढग समोर दिसला की वळायचं, आत शिरल्यावर कोणी शहाणं राहत नाही.

त्या श्रावणात माझं एकटीचं लांबचं उड्डाण तीनदा रद्द झालं. बरोबरचे पुढे गेले आणि मी आपली माशा मारत बसलेली. चौथ्या सकाळी आत्या फोनवर म्हणाली, "टाकीचं टोक दिसंना, माय. आज नगं जाऊ." विमानतळावर मात्र आभाळ बरं होतं. सरांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी खुशाल सांगितलं, टाकी स्वच्छ दिसतेय.

शेंद्र्यापर्यंत रस्ता नीट दिसत होता. मग ढग उतरू लागले. त्यांच्याखाली राहायला मी थोडी खाली आले, मग अजून थोडी. वळायला हवं होतं तिथं मी पुढं उघडेल, पुढं उघडेल, असं म्हणत राहिले. बघता बघता समोरची काच पांढरी झाली. मी अगदी सरळ बसलेय असं अंग सांगत होतं आणि समोरच्या, विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकडीतलं चिमुकलं विमान एका बाजूला कलंडलेलं. मला वाटलं, तबकडीच बिघडली. इतकी मी आयुष्यात पुन्हा कधी भ्याले नाही. शेवटी अंगाचं ऐकणं सोडलं, तबकडी बघत पंख सरळ केले आणि हळूहळू माघारी वळले. बाहेर आले तेव्हा करमाडची टाकी डाव्या हाताला होती. इतकी जवळ, की तिच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या असत्या.

उतरल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आत्या एसटीनं घरी आली, हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी. तिनं अंगणातून विमान पाहिलं होतं. बाबांसमोर तिनं चकार शब्द काढला नाही. मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ऐकायचं नसंल तर इचारत जाऊ नको," ती म्हणाली.

त्याच दुपारी मी सरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला महिनाभर विमानाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता मी मोठं विमान चालवते आणि रोज ढगांतून जाते, रीतसर शिकून. राहते बंगळुरूला. तिथं करमाडच्या टाकीचा काय उपयोग? पण ते दिवस फार आठवतात, म्हणून उड्डाण असलं की अजूनही चहा घेताना आत्याला फोन लावते. परवा ती म्हणाली, टाकी दिसतेय. मोतीबिंदूमुळे तिला आता दारातली तुळससुद्धा धड दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चिडवलं, म्हटलं, या वयात खोटं बोलायला लागलीस?

"मला कुठलं दिसतंय? सुनंला गच्चीवर धाडलं व्हतं," ती म्हणाली. "तुला जायचं आसतंय, माय. अंदाजानं कसं सांगू?"