मांजरीची गोळी आणि माझ्या विहीणबाई

मांजर आणून द्यायला जावई आला, तेव्हा तो वरसुद्धा आला नाही. खालून फोन केला, की गाडी रस्त्यातच उभी आहे, मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत, तुम्हीच जरा खाली या. आमची डोंबिवलीच्या कोपरमधली बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मी नुकती ऑफिसातून येऊन चहा टाकलेला. गॅस बंद केला आणि जिने उतरले. त्याने मागच्या सीटवरून जाळीची पेटी काढून माझ्या हातात दिली, खाण्याचं अर्धं संपलेलं पाकीट दिलं, आणि "येतो आई" म्हणून निघून गेला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

पेटी उचलली तर इतकी हलकी, की मी वाकून आत बघितलं. मांजर होती. पाठीचा कणा वरून मोजता आला असता.

ही मांजर माझ्या लेकीची. कॉलेजात असताना मानपाडा रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानामागून तिने उचलून आणलेली. मी तेव्हा खूप कटकट केली, मग सवय झाली. लेक तिला लाडाने काय काय हाका मारायची, मी आपली "ए मांजरे" म्हणायचे. लग्न ठरवताना लेकीने सगळ्यांसमोर सांगितलेलं, की माझी मांजर माझ्यासोबत येणार. मुलगा हसून म्हणाला, येऊ दे की. तेवढ्यावरून मला तो आवडला होता. आता वाटतं, हसून होकार देणारी माणसं नीट तपासून घ्यायला हवीत.

मांजर तीन वर्षं लेकीच्या सासरी, ठाण्याला राहिली. मग लेकीला दिवस गेले आणि विहीणबाईंनी कुठूनसं ऐकलं, की पोटुशी बाईच्या घरात मांजर असेल तर बाळाला बाधतं. लेकीने तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मांजर घरातलीच आहे, बाहेर जात नाही, तिचा घाणीचा डबा तू साफ करू नकोस, हात धूत जा, एवढं पुरे. लेकीने घरी येऊन सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, डॉक्टर काय, बोलतात. डबा साफ करायची वेळ आपल्यावर येईल म्हणून जावई गप्प बसला. आणि माझी लेकही गप्प बसली. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. शाळेत असताना पेपरात मार्क चुकीचे मिळाले म्हणून मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिलेली ही पोरगी. फोनवर मला म्हणाली, "आई, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे, कशाला वाद?"

आमचे हेही तेच म्हणाले. ह्यांचं पहिल्यापासून एकच पालुपद, जाऊ दे ना. पाणी आलं नाही, जाऊ दे. वरच्याने गळतीचे पैसे दिले नाहीत, जाऊ दे. माझं अर्धं आयुष्य ह्यांनी सोडून दिलेल्या भांडणांत गेलं.

मांजर खायची मात्र राक्षसासारखी. वाटी खाली ठेवेपर्यंत चाटून साफ, आणि परत ओट्याखाली येऊन ओरडायची. खाल्लेलं अर्धं ओकायची. अंगाला हात लावला तर आतलं काळीज धडधडताना कळायचं. एक दिवस हाफ डे टाकून मी तिला कल्याणला नेलं. तिथे स्टेशनपासून थोडं आत जनावरांचे एक डॉक्टर बसतात. त्यांनी मान चाचपली, रक्त काढून घेतलं. रिपोर्ट आला तो थायरॉइडचा. मला वाटायचं हे दुखणं आम्हा बायकांनाच होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू, सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी, वेळ चुकवायची नाही आणि कायम द्यायची. मग पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हे काही आजकालचं नाही. बरेच महिने वाळत असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, घर दुसऱ्यांचं होतं.

घरी आल्यावर लेकीला फोन लावला. ती रडली. म्हणाली, बारीक झालीय हे दिसत होतं गं, पण सासूबाई म्हणाल्या, आता ते म्हातारं झालंय. विहीणबाई मांजरीला कायम 'ते' म्हणायच्या. मी फोन ठेवला आणि त्या रागात कणीक इतकी मळली, की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

गोळी देणं म्हणजे काय, ते दिल्याशिवाय कळत नाही. गोळी केवढीशी, तीही सुरीने अर्धी केलेली. पहिल्यांदा मांदेलीच्या तुकड्यात लपवली. तिने मांदेली खाल्ली आणि गोळी ताटलीत तशीच ठेवली, धुतल्यासारखी स्वच्छ. लोण्यात दिली, लोणी गेलं, गोळी दुसऱ्या दिवशी फ्रीजखाली झाडूला लागली. कुटून दुधात घातली तर तोंडाला फेस आला आणि ती घरभर लाळ गाळत फिरली. मग शेजारची एक बाई म्हणाली, हाताने द्या, काय होतंय. काय होतंय ते माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत सगळ्या ऑफिसने बघितलं.

शेवटी आमचं एक तंत्र बसलं. हे तिला जुन्या टॉवेलात लपेटून मांडीवर धरायचे, फक्त डोकं बाहेर. मी डाव्या हाताने वरून डोकं धरून जबड्याच्या कोपऱ्यात बोट दाबायची, तोंड उघडलं की गोळी जिभेच्या पार मागे टाकायची, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवत राहायची. मग पिचकारीने थोडं पाणी. तिने नाक चाटलं की गोळी गेली समजायचं. दोन माणसं लागायचीच. हे एकट्याने करायला गेले की त्यांचा हात सैल पडायचा. तिला दुखेल म्हणायचे. मी म्हणायची, अहो, मरण्यापेक्षा दुखलेलं बरं. ती टॉवेलातून गुरगुरायची, मी वरून गुरगुरायची. आमचं चांगलं जमायला लागलं.

महिनाभरात ओकणं थांबलं. रात्रीचं ओरडणं थांबलं. पाठीवर थोडं मांस आलं.

आणि तेवढ्यात डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. विहीणबाईंनी ते स्वतःच्या घरी ठेवलेलं. त्यांचं घर ठाण्याच्या मानपाड्याला, घोडबंदर रोडवर, टॉवरमध्ये. माझं ऑफिस डोंबिवलीच्या मानपाड्याला, कारखान्यांच्या वासात. नाव एक, एवढंच. कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणजे ऐन गोळीच्या वेळेचा. हे म्हणाले, एक दिवस चुकली तर काय होतंय, जाऊ दे ना. मी साडी नेसले, ओटीचं सामान घेतलं, मांजरीला पेटीत घातलं, टॉवेल आणि पिचकारी पर्समध्ये टाकली आणि ह्यांना म्हटलं, गाडी बोलवा.

मोठागावच्या नव्या पुलावरून गेलो. सगळा रस्ता मांजर रडत होती आणि हे खिडकीबाहेर खाडी बघत होते.

दार विहीणबाईंनीच उघडलं. हातात पेटी बघून त्यांचा चेहरा उतरला, पण माणसं होती म्हणून हसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, ते खाली वॉचमनकडे ठेवता येईल. मीही हळू आवाजात म्हटलं, नाही येणार. आणि सरळ स्वयंपाकघरातून मागच्या ड्राय बाल्कनीत जाऊन वॉशिंग मशीनवर पेटी ठेवली. हॉलमध्ये लेक हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. गोड दिसत होती. चेहरा मात्र दमलेला.

ओट्या भरणं चालू झालं, वेळ झाली, मी ह्यांना खूण केली. आम्ही मागे गेलो. नव्या जागेत मांजर बिथरली, हे घाबरले, टॉवेल सुटला, गोळी फरशीवर पडली. दुसरी अर्धी काढली, तीही थुंकली. मी ह्यांच्यावर ओरडले तो आवाज हॉलमध्ये गेला असणार. कारण मागे बघते तर लेक दारात उभी. डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात फुलांचे गजरे. तिने मांजरीला टॉवेलसकट उचललं आणि पोटाच्या वर, छातीशी धरलं. मांजर एकदम गप्प झाली.

तिच्यामागून विहीणबाई आल्या, त्यांच्यामागून आणखी चार बायका. विहीणबाई मला म्हणाल्या, "अहो, निदान आजच्या दिवशी तरी तिच्या हातात ते देऊ नका. आम्हाला बाळाची काळजी आहे, तुम्हाला नाही का?"

मी गोळी आत टाकली, तोंड मिटलं, गळ्यावर बोट फिरवलं. तिने नाक चाटेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "तीन वर्षं ही तुमच्या डोळ्यांसमोर होती. पोटभर खात होती आणि तरी वाळत होती. तुम्ही कुणी बघितलं नाही. उद्या माझी लेक अशीच गप्प राहून वाळत गेली, तर ते कोण बघणार आहे?"

हॉलमध्ये स्पीकरवर गाणी चालू होती. जावई गर्दीच्या मागे ताट घेऊन उभा होता. आम्ही जेवलो नाही. उबर येईपर्यंत गेटवर उभे राहिलो. हे पहिल्यांदाच जाऊ दे म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं झालं बोललीस. ती म्हणाली, "माझं डोहाळजेवण होतं, आई. तू माझ्यासाठी नाही भांडलीस. तुला भांडायचंच होतं." मी तिला सांगितलं, की तू भांडली असतीस तर मला यावं लागलं नसतं. तिने फोन ठेवला, आणि मीही परत केला नाही. कित्येक आठवडे असेच गेले. हे गॅलरीत जाऊन तिच्याशी बोलायचे आणि मला कळत नाही असं समजायचे. मी सकाळ-संध्याकाळ गोळी देत होते. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून विहीणबाईंना ऐकवायची वाक्यं मनात तयार करत होते. ती आता कामाची नव्हती, तरी करत होते.

मग ह्यांच्याकडून कळलं, की विहीणबाईंनी बाळंतपण ठाण्यालाच ठरवलंय. पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही. कारण काय, तर माहेरी मांजर. माझ्या अंगाची लाही झाली. पण या वेळी मी फोन लावला नाही. काय करायचं ते तिने करावं म्हटलं. नंबर दाबायला निघालेलं ते बोट आवरणं मला त्या डोहाळजेवणातल्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. लेक दारात, धापा टाकत, एक बॅग हातात, दुसरी वॉचमनच्या डोक्यावर. जिना चढून आलेली. आत येऊन खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझ्यासाठी आले नाहीये. मला इथे यायचंय म्हणून आले. त्यांना सांगून आलेय." काय सांगितलं, कसं सांगितलं, मी विचारलं नाही. तिनेही आजतागायत सांगितलेलं नाही. मांजर आतून आली, तिच्या पायांना अंग घासलं, आणि संध्याकाळी गोळीच्या वेळी ह्यांना टॉवेल धरावा लागला नाही.

मुलगी झाली. घरी आणल्यावर मांजरीने दुपट्याचा वास घेतला, शिंकली आणि कपाटावर जाऊन झोपली. एवढंच तिचं आणि बाळाचं. जावई दर रविवारी यायला लागला. मी त्याला चहा द्यायची, बोलायची नाही. एकदा त्याने विचारलं, आता सगळ्यांनाच घेऊन जाऊ ना आई, मांजरीला पण. मी त्याच्या तळहातावर अर्धी गोळी ठेवली आणि म्हटलं, द्या. त्याला ओरबाडलं, गोळी सोफ्याखाली गेली, त्याने वाकून काढली, परत प्रयत्न केला. मी बघत बसले. ह्यांनी मदतीला हात पुढे केला तो मी अडवला. असे बरेच रविवार गेले. शेवटी त्याला जमायला लागलं, हातावर ओरखडे घेऊन का होईना. मग मी लेक, नात आणि मांजर, तिघींना पाठवलं.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. डोहाळजेवणानंतरचा पहिलाच. लेक बाळाला पाजत होती, जावई ऑफिसात अडकलेला. कसं काय, बरं आहे ना, असलं काही विचारणं नाही. एकदम म्हणाल्या, "अहो, तिने गोळी थुंकली. आता काय करू?"

माझा राग गेलेला नव्हता, अजूनही नाही. उलट वाटलं, हे विचारायला यांना एवढं सगळं व्हावं लागलं. पण गोळीची वेळ टळत होती. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाका आणि आधी टॉवेल घ्या. मान आत गुंडाळू नका. आता डावा हात डोक्यावरून. त्या धापा टाकत होत्या, मांजर गुरगुरत होती, एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला. बोट जबड्याच्या कोपऱ्यात, मी म्हणत होते, आणखी मागे, घाबरू नका, आणखी मागे.