फातिह्याआधीचा घास

आत्यानं माझ्यासाठी कंदुरी बोलली होती, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर कळलं. बारावीच्या परीक्षेच्या वेळी ती गावाबाहेरच्या दर्ग्यात गेली होती आणि चौथऱ्याला हात लावून म्हणाली होती की पोरगं पास होऊन कॉलेजात गेलं, तर पिराला बोकड देईन आणि माणसं जेवू घालीन. मी पास झालो, परभणीला आलो. तिनं एक करडू पाळायला घेतलं. मला काही बोलली नाही. मग एक दिवस फोन आला, "बोकड झालाय तयार. येत्या बेस्तरवारी ये. तुझ्याबिगर व्हायचं न्हाई."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. पण जावं कसं, ते कळेना. कारण मधल्या काळात मी येशूचा विश्वासी झालो होतो.

हे कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई-वडील वर्षातला निम्मा काळ ऊसतोडीला असतात, मला आत्यानंच वाढवलं. परभणीत पहिल्या वर्षी मी फार एकटा पडलो. वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. खोलीतला मित्र रविवारी प्रार्थनेला जायचा, एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये. एकदा मीही गेलो. तिथं कुणीतरी मला विचारलं की आठवडा कसा गेला, आणि मी सांगायला लागलो तर पूर्ण ऐकून घेतलं. लोक म्हणतात, काहीतरी आमिष दाखवलं असेल. तिथं चहा असतो, पण पहिल्या रविवारी माझ्यापर्यंत येईतो तोही संपला होता. नंतर मी नवा करार वाचला, पुन्हा वाचला. येशू माझ्यासाठी मेला यावर माझा विश्वास बसला. अजूनही आहे.

पण त्यासोबत आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. देवाकडं जायची वाट ती एकच. दुसरी नाही. हॉलमध्ये हे म्हणायला काही अवघड जात नाही, कारण तिथं बसलेले सगळे त्याच वाटेनं आलेले असतात. माझी आत्या तिथं नसते.

आम्ही बौद्ध. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. आत्या पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाते आणि गुरुवारी दर्ग्यात ऊद घालते. तिला यात कधी काही अडचण वाटली नाही आणि खरं सांगायचं तर लहानपणी मलाही वाटली नव्हती. अडचण वाटायची ती फक्त माझ्या चुलत्याला. तो विहाराच्या कामात असतो. तो म्हणायचा, "धम्म घेतलाय आपुन. पीर सोडा आता." आत्या म्हणायची, "धम्मानं पिराशी भांडायला सांगितलंय का?" मी प्रार्थनेला जातो हे तिला माहीत होतं. "जा की," म्हणाली होती, "देवाचंच हाय."

गावाला जायच्या आधी मी आमच्या पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, वाहिलेलं अन्न खायचं नाही, हे स्पष्ट आहे. "पण आत्याला प्रेमानं सांग." हे प्रेमाचं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं. प्रेमानं म्हणजे कोणत्या शब्दांत, ते सांगितलं नाही.

आता आमच्याकडची कंदुरीची पद्धत सांगायला हवी. बोकड तिथंच दर्ग्याजवळ कापतात, तिथंच चुलीवर शिजवतात. मटण शिजलं की मुजावर भरलेली परात पिरापुढं ठेवतात आणि फातिहा पढतात. मग ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो त्यानं परातीतला पहिला घास खायचा. त्याच्यामागून जी बोलली तिनं. मग पंगत बसते. तो पहिला घास पोटात गेला की नवस फिटला. उरलेलं घरी आणायचं नसतं.

सोनपेठच्या गाडीत बसून मी या पद्धतीचा विचार करत होतो. एखादं गणित सुटत नसलं की मी ते तुकड्यातुकड्यांनी बघतो, तसं करत होतो. अन्न वाहिलं जातं कधी? फातिहा होतो तेव्हा. बोकड कापताना जे म्हणतात, ते तर बाजारातल्या मटणाला पण म्हणतात आणि ते आमच्या मंडळीतले सगळे खातात. म्हणजे हंडीतलं मटण फातिह्याच्या आधी साधं मटण. ते मी खाल्लं तर माझा विश्वासही राखला जाईल आणि आत्याला मी खरंच सांगू शकेन की मी तुझ्या कंदुरीचं जेवलो. मला वाटलं, सापडलं. गाडीतच मी देवाचे आभार मानले.

दर्ग्यावर पोचलो तर चुलीवर हंडी रटरटत होती आणि ती ढवळत कोण होतं, तर चुलता.

"तुमी काका? हितं?" मी म्हणालो.

"मटणाला धरम नसतो. आन् हिच्या हातचं मीठ कायम जास्त पडतं," तो म्हणाला. "ये, बघ. एक पीर धरून बसलीय, एक येशू धरून बसलाय. विहार झाडायला मी एकटा."

आत्या लांब बाभळीखाली बायकांबरोबर भाकरी थापत होती. मी चुलत्याला हळूच म्हणालो, "मला दोन फोडी द्या."

"फातिहा व्हायचाय की अजून."

"म्हणूनच. मला आधीच पाहिजेत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्याला मजा वाटली. पिराच्या आधी कुणीतरी जेवणार म्हणून असेल. त्यानं पळीनं दोन फोडी पानावर टाकल्या. मी भिंतीच्या आडोशाला गेलो, डोळे मिटून प्रार्थना केली आणि खाल्ल्या. मन हलकं झालं होतं. मटण चांगलं झालं होतं. मीठ बेताचं होतं.

पानाला लागलेला रस्सा चाटत होतो तेवढ्यात आत्या परात घेऊन आली.

"काय खायलास?"

"मटण," मी म्हणालो. मला अजून काहीच लक्षात आलं नव्हतं. मी हसत होतो.

"कुठलं मटण?"

"हंडीतलं. अजून कुठलं असणार?" चुलता चुलीजवळून ओरडला.

तिनं हंडीकडं पाहिलं, मग मुजावरांकडं. ते नुकतेच हातपाय धुऊन वजू करायला बसले होते. परात तिच्या हातातच होती. "फातिहा झाला न्हाई," ती म्हणाली. "उष्टं केलंस."

लहानपणापासून किती कंदुऱ्या जेवलो मी. पिराच्या आधी हंडीत हात घालायचा नसतो, हे मला शेंबड्या वयापासून माहीत होतं. पण गाडीत मी सगळा विचार माझ्या बाजूनं केला होता. काय खाल्लं तर माझं चुकेल, एवढंच बघितलं होतं. माझ्या खाण्यानं तिचं काय होईल, हा तुकडा मी बघितलाच नव्हता.

"आत्या, वाहिल्यावर मला चालत न्हाई," मी घाईघाईनं बोलत सुटलो. "मी येशूला मानतो. म्हणून म्हणलं आधी खावं, म्हंजी तुझंबी मन राहील."

"येशूला मान की. मी कवा नको म्हणले? फोटो आण त्याचा. भिंतीला जागा लय हाय."

"तसं न्हाई. तो बाकीच्यांबरोबर न्हाई. तो एकटाच मार्ग हाय."

हे वाक्य मी हॉलमध्ये किती वेळा मोठ्यानं म्हटलं होतं. इथं ते तोंडातून कसंबसं निघालं.

"म्हंजी आमी सारे रानातनंच चाललाव का?" चुलता म्हणाला आणि हसला. तिकडच्या दोन-तीन बायकाही हसल्या. आत्या हसली नाही.

मुजावर उठून आले. म्हणाले, "बाई, अल्ला नीयत बघतो. लेकरू हाय. परात भरा, मी फातिहा पढतो."

"हंडी एकच हाय, भाई," आत्या म्हणाली. "ती उष्टी झाली."

तरी फातिहा झाला. माणसं बोलावलेली होती, त्यांना उपाशी पाठवता येत नव्हतं. परात माझ्यापुढं आली. सगळे बघत होते. "आता काय झालं? चव तर घेऊन झालीच हाय," चुलता म्हणाला. मी हात जोडले आणि मान हलवली. परात तशीच उचलून पंगतीत वाढली गेली. लोक जेवले, छान झालं म्हणाले. आत्यानं एक घासही घेतला नाही. भांडी घासली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हाही ती नेहमीसारखं बोलली, पण नवसाबद्दल एक शब्द नाही.

परभणीला येऊन मी पास्टरांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, सगळ्यांपुढं नाही म्हणालास, रविवारी हॉलमध्ये उभं राहून हे सांग, साक्ष दे. मी त्यांना सांगत होतो की आत्या उपाशी राहिली, आणि ते म्हणत होते की हा विजय आहे. रविवारी मी उभा राहिलो आणि पोट दुखतंय असं सांगून खाली बसलो.

मग मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते समाजशास्त्र शिकवतात, चांगले आहेत. ते म्हणाले, "खाऊन टाकायचं, त्यात काय! सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात." मला इतका राग आला की मी सरांपुढून उठून निघून आलो. सगळ्या वाटा सारख्याच असतील तर आत्या का जेवली नाही? तिला मुजावरांनी सूट दिली होती, तरी तिनं ती घेतली नाही. तिनं त्याच पिराला शब्द दिला होता, त्याच घासाचा. तिला ते कुठंही गेलं तरी चालेल असं नव्हतं. सरांनी माझा विश्वास तर बाजूला सारलाच, आत्याचाही सारला, आणि हे त्यांना कळलंसुद्धा नाही. पास्टरांना मी कळत होतो, आत्या कळत नव्हती. मला या दोघांशी भांडायचं होतं आणि भांडायला लागणारे शब्द माझ्याजवळ नव्हते.

महिन्याभरानं मी परत गावी गेलो. दारात एक नवं करडू बांधलेलं होतं. आत्या सुपात तूर घेऊन बसली होती.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"कशाला म्हंजी? नवस राहिलाय."

"आत्या, माझ्यासाठी परत नको करूस."

"तुझ्यासाठी कोण करायलंय? तुझं काम झालं. तू पास झालास, जा. मी शब्द दिलाय, तो माझा राहिलाय."

"पण मी घास खाणार न्हाई. मग फिटणार कसा?"

ती तूर पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या तिथं, माणूस मेल्यावर काय सांगतात?"

मी सांगितलं. जसं शिकलो होतो तसं सांगितलं. स्वर्ग, देवाजवळ राहणं, दुःख नसणं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मग मी?"

"तू विश्वास ठेवलास तर..."

"न्हाई ठेवला तर?"

मी दारातल्या करडाकडं बघायला लागलो.

"बोल की. एवढा कॉलेजात हायेस."

मला सांगता आलं असतं की ते देवाच्या हातात आहे. तसं म्हणतात काही जण. पण मला ती पळवाट वाटली, आणि आडोशाला जाऊन खाण्याचा प्रकार मी एकदा करून बसलो होतो. "मग न्हाई, आत्या," मी म्हणालो. "आमच्यात सांगतात त्याप्रमाणं न्हाई."

तिचा हात थांबला. तिनं मला नीट पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी तू एकटाच जाणार का वर? येड्या, तिथं तुला भाकर कोण करून घालणार?" आणि ती हसायला लागली.

"हसू नको," मी ओरडलो. आत्यावर मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. "मी रोज मागतो तुझ्यासाठी. रोज. तुला ते खोटं वाटतं का?"

"खोटं कशाला वाटंल?" ती म्हणाली. तिचं हसणं गेलं होतं. "मीबी मागते तुझ्यासाठी. बसल्या बसल्या ओरडू नको. खडे निवड."

तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. मी खडे निवडायला लागलो. मला दिसतही नव्हतं नीट. मला तिला सांगायचं होतं की मी गर्वानं 'नाही' म्हणत नाही. मला तिला इथं सोडून कुठं जायचं नाही, आणि तरी जे खरं वाटतं ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. एवढं साधं होतं. तेही जमलं नाही.

"पुढच्या बारीला तू हंडीजवळ फिरकायचं न्हाई," ती म्हणाली. "खा नको खाऊ, पण उष्टं करू नको. परात तुझ्यापुढं येईल."

"मी तेव्हाही न्हाईच म्हणीन, आत्या."

"म्हण. मी ठेवणार."