पुठ्ठ्यावरचा गणू

फाळणीनंतर आमची प्लाटून कल्याणच्या लष्करी कॅम्पात बंदोबस्ताला आली. रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. आमची ड्यूटी पाणी, रेशन आणि रांगा. मी हवालदार, घर ठाण्याला. लान्सनायक गणू भोईर जवळच्याच मोहन्याचा.

पलटणीत व्हिजिट म्हटली की चुना. दगड, भिंत, झाडाचं बूड, काही सुटायचं नाही. म्हैस स्वस्थ उभी राहिली असती तर तिलाही फासला असता. मोठे साहेब येणार म्हणून एका सकाळी बराकी पांढऱ्या करायचा हुकूम आला.

एका भिंतीवर कोळशाने काढलेला मुलाचा चेहरा होता. तिथे राहणाऱ्या अम्माचा मुलगा कराचीच्या धक्क्यावर गर्दीत हरवला होता. फोटो नव्हता. चेहरा विसरू नये म्हणून तिने तो काढला होता.

"हवालदारसाब, पोराचा तोंड हाय. येवढा सोडू?" गणूने विचारलं.

"व्हिजिट दहाला आहे. मार चुना."

त्याने मारला. अम्मा पाण्याची बादली घेऊन आली आणि दारातच थांबली.

"किसने किया?"

"मैंने, अम्मा," गणू म्हणाला. मी मागेच होतो. चुन्याची बादली उचलून पुढच्या बराकीकडे वळलो. साहेब त्या बराकीत आलेच नाहीत.

पुढे काश्मीरची ऑर्डर आली. गणू तिचा निरोप घ्यायला गेला, मीही गेलो. तिने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, चुलीतला कोळसा उचलला.

"बैठ, बेटा. हिल मत."

भुवया, नाक, कानाची फाटकी पाळी, सगळा गणू हुबेहूब उतरला.

"माँ को देना," ती म्हणाली. ज्याने आपलं लेकरू पुसलं त्याच्याच आईसाठी. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

काश्मीरात गणूच्या चौकीचा रेडिओवर शेवटचा मेसेज आला तो असा: "भोईर पडला. ओव्हर."

सुटीत मी मोहन्याला गेलो. काश्मीरला निघताना गणूने सगळं सांगून आईच्या हाती दिलेल्या पुठ्ठ्याला हार घातला होता. गणूचा दुसरा फोटो नव्हताच.

त्याची आई म्हणाली, "त्या बायचे पोराचा चित्र माज्या गणूनं पुसला. मना तिकडं ने. त्याचे वतीनं पाया परतंय."

"हुकूम माझा होता, आई."



"मंग दोगं जाव," ती म्हणाली.

निघताना तिने हार काढून ठेवला आणि पुठ्ठा पदराखाली घेतला. लान्सनायक गणू भोईरही आमच्याबरोबर निघाला.