ती उन्हात का बसायची

मंडळी, आज मला माझीच लाज वाटली.

मी अर्धं आयुष्य डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवला. त्या तापलेल्या केबिनमुळे सवयच लागली, घरी आलो की पंखा पाचवरच हवा. बायकोला मात्र भर मे महिन्यात थंडी वाजते. ती पंखा कमी करायची, मी परत वाढवायचो. "नाटकं पुरे" असंही म्हणून झालं.

हल्ली ती फार थकते, म्हणून आज डॉक्टरांकडे नेलं. "दुपारी आराम करता का?" त्यांनी विचारलं. मीच बोललो, "कसला आराम! अंगणात कोकमाची सोलं वाळत घालते आणि कोंबड्या येतील म्हणून राखत बसते."

ती हळूच म्हणाली, "सोलां राखूचा निमित्त ओ डॉक्टर. घरात माका थंडी वाजता, म्हणान उन्हात बसतंय."

डॉक्टरांनी पापणी ओढून बघितली. रक्त कमी दिसतंय, थायरॉईडही तपासूया म्हणाले. दोन्हींमुळे अशी थंडी वाजू शकते.

आत्ता पंखा बंद आहे आणि ती घरात गाढ झोपलीय. सोलं राखायला मी बसलोय, तिथूनच हे लिहितोय.

तुमच्या घरातलं कुणी असं उन्हात जाऊन बसतं का? का बसतं, विचारलंत कधी?