चंद्रावर न गेलेल्या गाड्या

दोन रिटायर्ड मास्तर आणि एक वेल्डर रोज संध्याकाळी चहाला जमले की किस्से साचणारच. चहा संपतो, किस्से उरतात. त्यातले काही सांगून टाकतो, नाहीतर घरचे म्हणतात, हा एकटाच काय हसतो!

आमचा अड्डा अकोल्यात, तायडे सरांकडे. ते फिजिक्सचे, मी मराठीचा. सरांना नाद एकच. चंद्रावर फिरायला म्हणून सुरुवातीला ज्या चित्रविचित्र गाड्या कागदावर काढल्या गेल्या, त्यांची मॉडेलं करायची. नियम कडक, गाडी चंद्रावर न गेलेलीच हवी. "गेलेलीचं कौतुक सारं जग करते," सर म्हणतात, "राहून गेलेलीचं कोण करीन?"

राहून जाणं सरांना चांगलं कळतं. दोन वर्षांपूर्वी वहिनींना पॅरालिसिस झाला आणि पाय गेले. अंजनगावला त्यांच्या भावाचा पानमळा आहे. तिथं एकदा जाऊन यायचं, एवढंच त्या मागतात.

*

पहिली गाडी एका पायावर उड्या मारणारी. वेल्डर गजूभाऊनं तिला मोटारसायकलचा जुना शॉकअप लावला. गच्चीवर सोडली, तर एकाच उडीत शेजारच्या मावशींच्या कुरड्यांत!

मावशी शांतपणे म्हणाल्या, "सर, चंद्रावर कोणी कुरड्या वाळू घालत नाई. तिथंच न्या हे."

*

दुसरी म्हणजे उडता पाट. खाली रॉकेट, वर माणूस उभा, हातात दांडा.

गजूभाऊनं विचारलं, "अन् मधातच तेल सरलं त?"

"त तिथंच राहीन तो."

"मंग माह्या बायकोले नका सांगू सर. थे पह्यले मलेच बसवीन."

*

चंद्रावर मोटारसायकल न्यायचाही विचार झाला होता. सर रंगात येऊन सांगत होते. आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "डबल सीट होती काय?"

"नाई."

"मंग राह्यली तेच बरं झालं."

सर बराच वेळ चहा ढवळत बसले. चहात साखर नव्हतीच, त्यांना शुगर आहे.

*

मागच्या हिवाळ्यात वहिनींना अंजनगावला नेलं. मळ्याच्या वाटेवर काळ्या मातीत व्हीलचेअरची चाकं रुतली. उचलून न्यायचं म्हटलं तर वहिनी भडकल्या, "मी पोतं आहो काय?" बांधावरूनच परत आलो.

घरी आल्यावर सर म्हणाले, "चंद्रावरच्या धुळीत गाडी बुडीन, असं लोकायले भेव होतं. म्हणून काहींनी पिंपाएवढी रुंद चाकं काढली होती."

गजूभाऊनं दुसऱ्या दिवशी दोन पिंपं कापली आणि व्हीलचेअरला त्यांची चाकं बसवली. अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चाललेलं मॉडेल बाजूला पडलं. ही गाडी मात्र जायलाच पाहिजे होती.

गेली. डुलत डुलत थेट पानवेलींपर्यंत.

वहिनी म्हणाल्या, "माह्या चपला काढा."

सर हळूच म्हणाले, "सुमन, पायाले समजत नाई ना तुह्या."

"मले तं समजते."

सर खाली बसले. चपला काढून त्यांनी वहिनींचे दोन्ही पाय ओल्या मातीवर टेकवले. वहिनींनी डोळे मिटले. मला रडू आलं, लपवत नाही. गजूभाऊ उगाच चाकाचे नट तपासत राहिला.

ऊन उतरल्यावर निघालो. गजूभाऊ खुर्ची वळवायला लागला, तसा सरांनी त्याचा हात धरला.

"हळू. त्या ठशायवरून चाक नको नेऊ."