नऊ थैल्या आणि दोनदाच तोलायचं

दारव्ह्याहून निघणारी सकाळची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. बाकीचे लोक आत बसून घेतात, जागा धरतात, डोळे मिटतात. रंजिता मात्र जीपभोवती फेऱ्या मारत राहते. ड्रायव्हर तनवीर तिला रोज चिडवतो, "मॅडम, इतल्या चकरा रस्त्यानं मारल्या असत्या तं आतापावतर शाळेत पोचल्या असत्या." ती हसते आणि पुन्हा घड्याळ बघते. रस्ता पंचवीस मिनिटांचाच, पण तिचा जीव आधीच पुढे जाऊन फळ्यापाशी उभा असतो.

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. सतरा पोरं, एक रंजिता. परिपाठ झाला की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ती एक कोडं लिहिते आणि मगच हजेरी घेते. एकदाचं कोडं असं: तीन मुलींपैकी एकीनं चिंच खाल्ली. पहिली म्हणते दुसरीनं खाल्ली, दुसरी म्हणते मी नाही, तिसरी म्हणते मी नाही. तिघींपैकी एकच खरं बोलते, तर चिंच कुणी खाल्ली? रोशन नावाच्या चौथीतल्या पोरानं ताबडतोब उत्तर दिलं होतं, "मॅडम, तिघींचे दात पाहू ना. जिचे आंबले तिनं खाल्ली." पण तासाभरानं त्याच रोशननं तिसऱ्या मुलीला रीतसर पकडलं. एकेकीनं खाल्ली असं धरून बघायचं, कुठं दोघी खऱ्या ठरतात ते खोडायचं, उरते ती चोर. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं एकमेकांवर खोटे आळ घेत फिरत होती.

गावात याचं कौतुकच होतं असं नाही. मैत्रेयीचे वडील गोपाल एकदा फाटकापाशीच म्हणाले, "मॅडम, कोडे घाला, पर पाढे कधी शिकवसान?" मुख्याध्यापक मारोतराव स्वभावानं गरीब माणूस, तेही हळूच म्हणायचे, "तुमच्या वर्गाचा आवाज माझ्या खोलीत येते जी. अन् नाही आला तं जास्त भेव वाटते." रंजिता दोघांनाही हो म्हणायची. पाढेही घ्यायची, कोडीही घालायची, आणि दोन्हीला वेळ पुरत नाही म्हणून डबा अर्धा टाकून उठायची.

ही खोड तिला लागली ती बाजारात. तिची आई पंचफुला दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भाजी विकते, गेली तीस वर्षं. रंजिता पोत्यांच्या मध्ये बसून वाढली. गिऱ्हाईक किती येतील, कोणतं वजन टाकलं म्हणजे काढावं लागणार नाही, असल्या गोष्टी मनात जुळवत बसायचा तिला नाद. वस्तीतली पहिली डीएड झालेली मुलगी ती. आई विहारात दर पौर्णिमेला जाते आणि कुणीही विचारलं नाही तरी सांगते, "माई पोरगी गणिताची मास्तरीन हाय."

तर अशा या बाईच्या वर्गात तिसरीला प्रेरणा होती, आणि प्रेरणा बोलत नव्हती. मुकी नव्हती. घरी बोलायची, बकरीशी बोलायची, वर्गात नाही. उत्तर पाटीवर लिहून पाटी छातीशी धरून बसायची. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, पण कसं काढलं ते विचारलं की मान खाली. रंजिताला हे सहन होत नव्हतं. इतकं चांगलं डोकं, आणि त्याची वाट कुणाला दिसू नये? उद्या पाचवीला ही पोर मोठ्या शाळेत गेली की शेवटच्या बाकावर बसेल, आणि तिला काही येतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही. जूनपासून रंजितानं तिच्यामागे लकडा लावला. पाटी वाचून दाखव. नुसता एक शब्द सांग. बोट तरी वर कर. जानेवारी उजाडला तेव्हा प्रेरणा बोट वर करू लागली होती, तेही अर्धं.

मग रंजिताच्या डोक्यात नऊ थैल्यांचं कोडं आलं. दिसायला सारख्या नऊ थैल्या, एकीचं वजन किंचित जास्त. तराजूवर दोनदाच तोलायचं आणि जड थैली ओळखायची. फळ्यावर नाही, खऱ्या तराजूवर. तोंडाने बोलणार नाही ती पोर हातांनी तर बोलेल.

आईकडे आता बॅटरीवरचा काटा आहे, पण जुना दोन पारड्यांचा तराजू घरात खुंटीला होता. रंजितानं जुन्या परकराच्या नऊ थैल्या शिवल्या, प्रत्येकीत शंभर ग्रॅम सोयाबीन भरलं आणि आठव्या थैलीत एक लोखंडी नट टाकला. सकाळी निघायच्या घाईत तिनं तराजू काढला. डाव्या पारड्याच्या साखळीला काळ्या फडक्याची एक छोटी पोटली काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. लहानपणापासून ती पोटली रंजिता बघत आली होती. नजर लागू नये म्हणून बाजारात कितीतरी जण असं काळं बांधतात. विहारात जाणाऱ्या बाईनं हे बांधावं याची तिला पूर्वीपासून चीड होती, आणि आज तर हा तराजू शाळेत न्यायचा होता. पोरांना विचार करायला शिकवायचं आणि तराजूला नजरेची पोटली? तिनं कात्रीनं दोरा कापला, पोटली खिडकीतून नालीत भिरकावली, पारडी राखेनं घासून लख्ख केली आणि जीप गाठली.

वर्गात तिनं तराजू हाताने उचलून धरला आणि प्रेरणाला पुढे बोलावलं. प्रेरणा आली. प्रेरणा तराजूकडे बघत उभी राहिली. बघतच राहिली.

"चल बेटा, ठेव. किती वेळ?"

प्रेरणानं तीन थैल्या डावीकडे ठेवल्या, तीन उजवीकडे, तीन बाजूला. रंजिताला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कुणी न सांगता तीन-तीन-तीन! मोठ्या माणसांना हे सुचत नाही. उजवं पारडं खाली गेलं. आता उजवीकडच्या तिघींपैकी दोन समोरासमोर ठेवायच्या की झालं. पण प्रेरणानं सगळ्या थैल्या काढल्या आणि डावीकडच्या उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे ठेवू लागली.

"अगं, परत त्याच कशाला? दोनदाच तोलायचं ठरलंय ना? एक वेळ वाया जाईल तुझी."

प्रेरणाचा हात थांबला. तिनं मॅडमकडे बघितलं, तराजूकडे बघितलं, आणि सांगितल्याप्रमाणे उजवीकडच्या तिघींतल्या दोन समोरासमोर ठेवल्या. पुन्हा उजवं पारडं खाली. तिनं ती थैली उचलून दिली. रंजितानं मोठ्या ऐटीत सगळ्यांसमोर गाठ सोडली. आत सोयाबीन होतं, नुसतं सोयाबीन. नट बाजूच्या तिघींत, आठव्या थैलीतच होता.

वर्ग फिदीफिदी हसला. रोशन म्हणाला, "प्रेरणीनं सोयाबीन पकडलं!" आणि रंजिता म्हणून गेली, "तू थैल्या पारड्यात नीट मधोमध ठेवल्या नसतील."

प्रेरणा जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी बोट वर झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाटी कोरी होती. चौथ्या दिवशीही कोरी. सात महिन्यांची कमाई एका तासात पाण्यात गेली होती.

रंजिताला काही गोड लागेना. शेगडीवर दूध उतू गेलं, जीपमध्ये डबा राहिला, हजेरी दोनदा घेतली. कोडं तिनं कागदावर दहा वेळा सोडवलं. पद्धत बरोबर होती. मग तराजूवर चूक कशी झाली? थैल्या खरंच वाकड्यातिकड्या ठेवल्या होत्या का? तसं असेल तर पोरीचं चुकलं. पण त्या पोरीचे हात तिनं स्वतः पाहिले होते, अंडी ठेवावीत तशा तिनं थैल्या ठेवल्या होत्या. आपण खोटं बोललो, हे तिला तेव्हाच माहीत होतं. तेच तिला खुपत होतं.

चौथ्या दिवशी बाजार होता. शाळा सुटल्यावर रंजिता तराजू परत घेऊन नेहमीसारखी आईच्या मदतीला गेली. बॅटरीच्या काट्याचं चार्जिंग उतरलेलं, म्हणून पंचफुलानं तिच्याकडून जुना तराजू मागून घेतला. नुसता उचलला आणि तिचा हात थबकला.

"रंजे, याचं पासंग कुठी गेलं?"

"कोणतं पासंग?"

"डाव्या पारड्याले बांधलं होतं ना वं, काया फडक्यात. हे पारडं हलकं हाय पयल्यापासून. खडा बांधून बरोबर केलतं मी त्याले."

रंजिताच्या हातातली वांगी तिथंच राहिली. "ते... मला वाटलं नजरेचं हाय. मी कापून फेकलं."

"नजरेचं?" पंचफुलाचा आवाज शेजारच्या मिरचीवालीपर्यंत गेला. "मी कायले नजर बांधू? फाटक्या छत्रीचं फडकं होतं ते! तीस वर्स झाले तू पाहून राह्यली, एकडाव इचारलं काहून नाई मले?"

विचारलं नाही. पोरांना उठताबसता विचारा, विचारा म्हणणाऱ्या बाईनं तीस वर्षांत आईला एक प्रश्न विचारला नव्हता. पंचफुलानं पोत्यातून एक बोराएवढा कांदा काढून पारड्याला लटकावला, तराजू सरळ केला आणि गिऱ्हाइकाकडे वळली. रंजिता मात्र मिरच्यांच्या पोत्यामागे उभी राहून शरमेनं लाल झाली. सतरा पोरांसमोर तिनं एका पोरीला चुकीचं ठरवलं होतं, आणि चूक तिच्या कात्रीची होती.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसल्याबसल्या तिनं एक खडा चिंधीत गुंडाळून डाव्या पारड्याला बांधला. वर्गात कोडं लिहिलं नाही. तराजू टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं, "या तराजूचं एक पारडं हलकं आहे. त्याला एक खडा बांधलेला होता, त्याला पासंग म्हणतात. तो मी न विचारता कापून फेकला. म्हणून तराजू खोटं दाखवत होता. प्रेरणाचं काही चुकलं नव्हतं. मी चुकले, आणि वर दोष तिला दिला."

रोशननं खात्री करून घेतली, "म्हंजे मॅडम चुकल्या?"

"हो. मॅडम चुकल्या."

प्रेरणानं मान वर केली नाही. रंजिता तिच्या बाकापाशी गेली, खाली वाकली. "त्या दिवशी तू थैल्या इकडच्या तिकडे करत होतीस. ते कशासाठी, सांगशील?"

बाहेर मारोतरावांची सायकल आली, स्टँडवर लागली. मग प्रेरणा बोलली, पाटीकडे बघत, पण बोलली.

"तुमी तराजू उचलला तवाच एक पारडं खाली होतं. रिकामंच. म्हून मी पारडे बदलून पायत होती."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हनलं दोनदाच. आन तराजू तुमचा होता."

रंजिताला वाटलं कुणी तरी कानशिलात दिली. ही आठ वर्षांची पोर तराजूवर शंका घेत होती, ती शंका तपासायची रीतही तिला सुचली होती, आणि ती रीत वाया जाणारी वेळ म्हणून रंजितानंच थांबवली होती. खरं कोडं प्रेरणानं सोडवायला घेतलं होतं. मॅडमनी तिला फळ्यावरच्या कोड्यात परत ढकललं होतं.

"आता तराजू बरोबर आहे," रंजिता कसंबसं म्हणाली. "पुन्हा तोलशील?" तिनं तराजू उचलून धरला. रोशन थैल्या घेऊन पुढे सरसावला.

"थांब रे," प्रेरणा म्हणाली. अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रोशन जागच्या जागी थांबला. "आदी रिकामा पाहू द्या."

ती बाकावरून उठली, तराजूसमोर आली, एक डोळा मिटून दांडीकडे बघितलं. मग इकडून बघितलं. मग तिकडून.

"अजून वाकडाच हाय, मॅडम. तुमचा खडा लहान झाला."

कुणी हसलं नाही. मैत्रेयी वजनाला बांधायला दप्तरातली पेन्सिल घेऊन आली, दुसरं कुणी अंगणातले खडे आणायला पळालं. प्रेरणानं मॅडमच्या हातातली दांडी स्वतःच्या बोटानं सरळ केली.

"तुमी धरा. मी बांधते. आन हात हालवू नका."

रंजितानं दोन्ही हातांनी तराजू घट्ट धरला. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.