नायिकेची पट्टी

“हे तिचं पद नाही. बंद करा,” अण्णा ओरडले. कार्यक्रमाला जेमतेम तीन तास उरले होते.

अण्णा संगीतकार. ऐन उमेदीत त्यांनी एक संगीत नाटक केलं होतं. आता त्याच्याच पदांतून त्यांनी वाद्यवृंदासाठी स्वीट रचलं होतं. स्वीट म्हणजे गायक आणि गोष्ट वगळून, निवडक पदांची वाद्यांवर वाजणारी माळ. वाद्यांच्या प्रती लिहिणं आणि वादकांसमोर उभं राहून ते वाजवून घेणं हे माझं काम.

चूक माझीच होती. नाटकात नायक काळी एकमध्ये गायचा, नायिका काळी चारमध्ये. पट्टी म्हणजे पेटीची जी पट्टी ‘सा’ धरायची ती. गाणारं कुणी नाही म्हटल्यावर मी सोयीसाठी सगळं काळी एकमध्ये आणलं. अण्णांना न विचारता. अतिशहाणपणा, दुसरं काय!

“तिची पट्टी परत आणा, नाहीतर कार्यक्रम रद्द,” अण्णा म्हणाले.

मूळ प्रती लॅपटॉपमध्ये होत्या. धावत जाऊन प्रिंट काढल्या. पण वाजवून पाहिलं, तर नायकाच्या पदावरून नायिकेच्या पदावर जाताना कानाला धक्काच बसला.

“मॅडम, आम्ही चुकलो असंच वाटेल,” अंबडच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून आलेला आमचा व्हायोलिनवाला म्हणाला.

“मधे तिचं भाषण होतं,” अण्णा म्हणाले. “तेवढ्यात लोक पहिला सा विसरायचे.”

“पण आता भाषण कुठून आणू, अण्णा?”

“ऑर्गनवर नुसता नवा सा धरा. मी विंगेत मनात भाषण म्हणतो. हात खाली केला की सुरू करा.”

दुसरा इलाज नव्हता.

कार्यक्रमात नायकाचं पद संपलं. ऑर्गनने सा धरला. मी हात वर करून विंगेत पाहत राहिले. अण्णांचे ओठ हलत होते. मग ओठ थांबले, तरी हात खाली येईना. समोर खुर्च्या करकरायला लागल्या, कुणीतरी खोकलं. व्हायोलिनवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. माझा दंड भरून आला. म्हातारा सगळं विसरला, आता शोभा होणार, असं मी धरूनच चालले.

तेवढ्यात हात खाली आला. पद काळी चारमध्ये उठलं आणि सभागृह एकदम चिडीचूप झालं.

नंतर मी चिडूनच विचारलं, “भाषण संपलं होतं ना? मग एवढा वेळ कशाला लावलात?”

“तिथं तिला टाळी पडायची,” अण्णा म्हणाले. “टाळी ओसरल्याशिवाय ती कधी गायली नाही.”

तेव्हापासून मी पट्टी बदलण्याआधी संगीतकाराला विचारते. आणि टाळ्या कुठं पडायच्या, तेही लिहून घेते.